सतरा वर्षं पुरी

बायको गेली, त्याच्या आदल्या सांजेला मी तिच्या गुडघ्यांना करडईचं तेल चोळलं. त्या वासानं अजून एकाहत्तर सालची गोष्ट आठवते. अधू माणसांना चालतं करायच्या कोर्सला थोरल्या मुलीनं नगरला अर्ज दिला होता. मार्क भरपूर, पण अट सतरा वर्षं पुरी असल्याची, आणि दाखल्यावर सोळाच. अर्ज परत आला. लग्नाला पोर लहान दिसावी म्हणून शाळेत घालताना मीच दोन वर्षं कमी सांगितली होती. पोर जेवली नाही. दिव्यात करडईचं तेल घालता घालता बायको म्हणाली, “खोटं तुमी बोल्लात, शिक्षा तिला व्हय?” मी म्हणालो, “आता कबूल केलं तर गाव हसंल.” “हसू द्या की. मिशा काय गळून पडत न्हाईत.” दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत गेलो आणि भरल्या वर्गात गुरुजींना म्हणालो, “वय मी खोटं सांगितलं होतं. तसं लिहा, मी खाली सही करतो.”