देवरे सर आणि सीमेवरचं फाटक

देवरे सरांनी एक कप चहा नाकारला आणि दोन देशांची बोलणी मोडायला आली.

मी तिथे होते. त्यांच्या शेजारच्याच खुर्चीत!

आज पहाटे सर गेले. तेव्हापासून रडतेय आणि मधेच हसतेय. घरचे वैतागलेत.

सर नाशिकजवळच्या देवळ्याचे. परराष्ट्र खात्यात मोठे ऑफिसर. मी नाशिकची, त्यांची ज्युनिअर.

दोन हजारच्या आसपासची गोष्ट. शेजारच्या एका देशाशी सीमेची बोलणी चालू होती. नाव लिहीत नाही, मी रिटायर झाले तरी सवय जात नाही.

इंग्रजांनी रेषा अशा काही ओढल्या होत्या की आपलं एक अख्खं गाव त्यांच्या हद्दीत अडकलं. चारी बाजूंनी परदेश. आपल्याकडे यायला एकच रस्ता आणि त्यावर त्यांचं फाटक. ते सकाळी थोडा वेळ उघडायचं. नंतर कोणी आजारी पडलं, तर पेशंटला घेऊन फाटकाशी बसून राहायचं.

सरांना ते फाटक चोवीस तास उघडं हवं होतं. बस्स, एवढंच.

दिल्लीत बोलणी दोनदा फिसकटली. मग ठरलं, कुठेतरी शांत जागी बसू. सरांनी नाशिक सुचवलं. अर्थातच!

गंगापूर धरणाजवळचं गेस्ट हाऊस. पाहुण्यांनी आपल्या देशातली खास चहापत्ती आणलेली. त्यांच्या प्रमुखांनी स्वतः उठून सरांपुढे कप ठेवला.

सरांनी तो बाजूला सारला. "थँक यू. आत्ता नको."

संपलं! प्रमुखांचा चेहरा उतरला. त्यांची माणसं फायली आवरायला लागली.

मी सरांच्या कानाशी लागले, "सर, काय करताय? घ्या ना!"

"कसा घेऊ? बांध मिटला नाय अजून."

तेव्हा माझी ट्यूब पेटली. आमच्याकडे शेताच्या बांधाचं भांडण मिटेपर्यंत समोरच्याच्या हातचं पाणीसुद्धा घेत नाहीत. घेतलं म्हणजे त्याचं म्हणणं कबूल केलं. सर जग फिरले, पण हे काही अंगातून गेलं नव्हतं.

प्रोटोकॉल गेला खड्ड्यात! मी उभी राहिले आणि मोडक्या हिंदीत सगळं सांगून टाकलं. बांध, भाऊबंदकी, चहा, पाणी.

प्रमुख ऐकत राहिले. मग खो खो हसले.

"हमारे गाँव में भी यही है." त्यांनी स्वतःचाही कप दूर सारला. "पहले फाटक!"

आणि मग काय सांगू! नकाशे जमिनीवर पसरले, दोन्हीकडचे साहेब बूट काढून त्यावर ओणवे. आरडाओरडा, हशा, परत आरडाओरडा. दुपार कलेपर्यंत ठरलं, फाटक सूर्योदय ते सूर्यास्त उघडं राहील. आम्ही चक्क टाळ्या पिटल्या!

रात्रीचं मात्र त्यांनी मानलं नाही.

गाडीत मी नाचायचं तेवढं बाकी होतं. सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "लय भारी झालं, जयश्री. पण माणूस रात्री आजारी पडला तर?"

पुढे सर रिटायर झाले, देवळ्याला गेले, अंथरुणाला खिळले.

गेल्या महिन्यात बातमी आली आणि मी तडक फोन लावला. "सर, ते फाटकच काढून टाकलं! कायमचं!"

पलीकडून बारीक आवाजात,

"रात्री पण?"

"रात्री पण, सर."

"बरं झालं. मग झालं."

सर, निवांत जा. तुमच्या ज्युनिअरचा शेवटचा नमस्कार.