सदूचं नाव छापलं नाही

माझे वडील हरेश्वर राऊत उरणला 'खाडीकाठ' नावाचं चार पानी साप्ताहिक काढत. आधी ते शाळेत शिकवत, म्हणून प्रकाशक झाल्यावरही लोक त्यांना मास्तरच म्हणत. पायाने चालवायचं एक जुनं छापयंत्र, अक्षरांचे खिळे जुळवायला ते आणि घड्या घालायला आई. शुक्रवारी अंक निघे, शनिवारी होडीने न्हावा, शेवा या गावांना जाई. तिथे एक जण वाचायचा, तीस जण ऐकायचे. ज्यांना अक्षर येत नव्हतं, त्यांचाच छापलेल्यावर सगळ्यांत जास्त विश्वास.

१९२७च्या वैशाखात मुंबईला मीठ उतरवून परतणारा एक मचवा वावटळीत उलटला. रिकामा मचवा हलका असतो. सहाही माणसं गेली, एकाचंही प्रेत मिळालं नाही. वडिलांना ही बातमी गुरुवारी कळली. मुंबईच्या दैनिकांआधी आपण ती नावांसकट द्यायची, असं त्यांच्या मनाने घेतलं. मचवा मुंबईला निघताना बंदरातल्या जकात नाक्यावर खलाशांची यादी लिहून घेतली होती, तीच त्यांनी उतरवली. आई म्हणाली, "एकदा शेव्याला जाऊन विचारा तरी."

"अंक उद्याचा आहे, केसर," एवढंच ते बोलले.

यादीत काळूरामचं नाव होतं. शेव्याला अंक वाचला गेला आणि त्याच्या बायकोने, येसूबाईने, बांगड्या फोडल्या. शेजारची सोनाबाई चार दिवस तिच्यापाशी बसून होती. सोनाबाई विधवा. तिचा एकुलता एक मुलगा सदू मुंबईला गोदीत होता. "माजा पोर दर्यावर नाय, म्हनून वाचला," असं ती बाकीच्या बायांना हळूच सांगायची.

आठव्या दिवशी काळूराम गाठोडं घेऊन दारात उभा राहिला. घरी कळवण्याचं त्याच्या ध्यानातही आलं नव्हतं, कारण मचवा बुडाल्याचं त्याला आदल्याच दिवशी कळलं होतं. दुसऱ्या दिवशी तो आमच्याकडे आला.

"मेलेल्या मानसाला पानी तरी द्या, मास्तर."

वडिलांनी त्याला पाणी दिलं आणि काय झालं ते विचारलं. काळूराम मुंबईला मावसभावाकडे राहिला होता. धक्क्यावर त्याला सदू भेटला. सुटी मिळाली होती, आईला भेटायचं होतं. काळूरामच्या जागी तो मचव्यात चढला.

"मला मारलंत त्याचं काय नाय," काळूराम म्हणाला. "पन सोनाबाईला कोन सांगनार? माज्यानं व्हनार नाय."

वडील शेव्याला गेले. मी अकरा वर्षांची होते, मला का नेलं कोण जाणे. सोनाबाई बोंबील वाळत घालत होती; आमच्याबरोबर आलेला काळूराम लांबच उभा राहिला. तिने सगळं ऐकून घेतलं.

"तुमीच लिवलंत काळूराम मेला. त्यो बघा उबा हाय."

"माझी चूक झाली, सोनाबाई."

"मंग आताबी चूकच व्हत असंल. माज्या सदूचं नाव मेलेल्यांत छापू नका." तिने माझ्याकडे बोट केलं. "हिच्या गल्याची आन घ्या."

वडिलांनी माझ्या गळ्याला हात लावला.

पुढच्या अंकात काळूराम जिवंत असल्याचं आलं. बुडालेल्यांची नावं पाचच राहिली. सदूचं दिवसकार्य झालं नाही. सोनाबाई रोज एक भाकरी जास्त थापायची. गावाने समजावलं की ती विचारायची, "पेपरात कुठं हाय?"

त्यानंतर वडील मेलेल्याच्या घरी स्वतः जाऊन आल्याशिवाय एकाचंही नाव छापत नसत. बातम्या शिळ्या होत. बाजारात लोक म्हणत, "मास्तरांकडं मानूस पंदरा दिसांनी मरतो." वर्गणीदार गळत गेले. आई चिडायची, "त्या बाईला तुम्ही टांगून ठेवलंय. छापा आणि सोडवा तिला." वडील माझ्याकडे बघत. मी कॉलेजला मुंबईला जाऊ लागले, तेव्हा परतताना माझी होडी धक्क्याला लागेपर्यंत ते बंदरावरून हलत नसत. आई म्हणायची तेच मलाही खरं वाटे. आता माझा मुलगा बोटीवर आहे. त्याचं शेवटचं पत्र येऊन तीन आठवडे झाले, आणि कोण बरोबर होतं ते मला सांगता येत नाही.

१९३७ला सोनाबाई गेली. अग्नी काळूरामने दिला. तोच प्रेसमध्ये आला. "मास्तर, आता दोगांचं एकदम घाला. आता कोन इचारतंय?"

वडिलांनी मजकूर जुळवला. पहिली प्रत मी काळूरामला वाचून दाखवली : 'शेवा येथील सोनाबाई यांचे निधन झाले. त्यांच्या मागे सदू हा मुलगा आहे.'

"हे खोटं हाय, मास्तर."

"हो. पण शपथ घातली तेव्हा ती कधीपर्यंत, हे तिने सांगितलं नव्हतं."

काळूरामने तो कागद हातात घेतला. त्याला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं.

"त्यो जिता हाय," तो म्हणाला, "मंग मी धा वर्सं कोनाच्या जागी जगतोय?"

वडिलांनी पायाने यंत्र चालू केलं. तो अंक शनिवारी होडीने गेला. पुढच्या शुक्रवारी अंक निघाला नाही, त्यानंतरही नाही.