अकरा दाखले, एकच अक्षर

भिमाजी ओव्हाळला बोलता येतं, हे दिघीत कुणाला सांगावं लागत नव्हतं. जयंतीला विहारापुढं माईक हातात घ्यायचा तो भिमाजीनंच. दोघा भावांची बांधावरून जुंपली, की मध्ये बसायचं तेही त्यानंच. सातवी फायनल झालेला माणूस, त्यामुळं आळीची सगळी पत्रं त्याच्याच हातची, आणि आलेली वाचून दाखवायचा तोही तोच. संध्याकाळी त्यानं विहाराच्या भिंतीला सायकल टेकवली, की माणसं हजर. कुणाला सासरी गेलेल्या लेकीची खुशाली विचारायची असे, कुणाला कचेरीत अर्ज द्यायचा असे. तो आधी दोन-तीन प्रश्न विचारायचा आणि मग समोरच्याला जे नेमकं सांगता येत नव्हतं तेच कागदावर उतरवायचा. चहाच्या कपापलीकडं त्यानं कधी कुणाचं काही घेतलं नाही.

आणि हाच माणूस पिंपरीच्या एका कंपनीत ओतकामाच्या खात्यात होता. साच्यातून आलेल्या लोखंडी नगांच्या कडा ग्राइंडरवर घासायच्या. कल्ला असा, की शेजारच्याला पाणी मागायचं तरी हातवारे करावे लागत. गावभर बोलणारा माणूस आठ तास मुका! त्याला ते फार लागायचं. घरी आल्यावर तो बायकोला म्हणायचा, ‘‘शालन, आज दिवसभरात माझ्या तोंडून चार शब्द गेले न्हाईत.’’

चौऱ्याहत्तर साली कंपनीच्या फलकावर नोटीस लागली. कल्याण विभागात सहायक हवा होता. कामगारांना नोटिसा समजावून सांगायच्या, त्यांचे अर्ज लिहायचे, आजारी माणसाच्या घरी जाऊन विचारपूस करायची. भिमाजीनं नोटीस तीनदा वाचली. जे काम तो बारा वर्षं फुकट करत होता, त्यासाठी कंपनी चक्क खुर्ची देत होती. त्या दिवसापासून ती खुर्ची त्याच्या मनातून हलेना. जेवताना घास हातात धरून बसायचा.

फॉर्मच्या शेवटच्या पानावर मात्र एक रकाना होता. ‘नोकरीबाहेर केलेले सामाजिक कार्य व त्यातून मिळालेले संभाषण-कौशल्य. पुरावे जोडावेत.’

‘‘बोलल्याचा पुरावा?’’ शालनबाई म्हणाली. ‘‘अवं, बोललेलं काय पेटीत ठिवत्यात व्हय?’’

पण भिमाजी हटला नाही. ज्यांची कामं केली, त्यांच्याकडून दाखले घ्यायचे असं त्यानं ठरवलं आणि चार संध्याकाळी सायकल दामटली. नाही कुणीच म्हणालं नाही. सोपानराव तर गावातले जुने शेतकरी, भावाशी चाललेलं त्यांचं भांडण भिमाजीनं मिटवलेलं. त्यांनी त्याला ओट्यावर बसवलं आणि म्हणाले, ‘‘लिही. भिमाजीसारखा बोलणारा पंचक्रोशीत न्हाई. लिही बिनघोर, आंगठा मी देतो.’’

सगळीकडं हेच. ‘तूच लिही, आमी आंगठा देतो.’ लिहिता येत असतं तर ती माणसं त्याच्याकडं आली असती कशाला? भिमाजी लिहीत गेला. स्वतःचं कौतुक स्वतःच्या हातानं लिहायची त्याला इतकी लाज वाटली, की सोपानरावांचं ‘पंचक्रोशीत न्हाई’ त्यानं ‘बऱ्यापैकी बोलतो’ एवढ्यावर आणलं. केसरबाई म्हणजे आळीतली म्हातारी विधवा. लष्करातल्या तिच्या मुलाला, कोंडीरामला, जाणारं प्रत्येक पत्र भिमाजीनं लिहिलेलं. ती म्हणाली, ‘‘लिही, ह्याच्यामुळं माझं लेकरू माझ्याशी बोलतं.’’ भिमाजीनं लिहिलं, ‘पत्रलेखनात साहाय्य केले.’ असे अकरा दाखले झाले.

मुलाखतीला तो धुतलेला पांढरा शर्ट घालून गेला. साहेबांनी अकराही कागद टेबलावर ओळीनं मांडले आणि चष्मा कपाळावर चढवला.

‘‘ओव्हाळ, हे सगळं अक्षर एकाच माणसाचं दिसतंय.’’

‘‘व्हय साहेब. माझं हाय.’’

‘‘म्हणजे तुमचं कौतुक तुम्हीच केलंत?’’

आता काय सांगायचं ते अगदी सोपं होतं. साहेब, त्यांना लिहिता येत नाही, म्हणून तर मी लागतो. हे अक्षर एकच आहे हाच माझा पुरावा. दुसऱ्या कुणावर ही वेळ आली असती तर भिमाजीनं हे असं मांडलं असतं, की साहेबानं उठून चहा मागवला असता. पण आज बाजू स्वतःची होती. गावाची वकिली करणाऱ्याला स्वतःसाठी बोलायची सवयच नव्हती हो! तो नुसतं ‘व्हय साहेब’ म्हणाला, कागद गोळा केले आणि बाहेर आला.

जागा दुसऱ्याला मिळाली. पोरगा वाईट नव्हता, पण नोटीस वाचून दाखवताना मान वर करत नसे. भिमाजीला तो रोज दिसायचा, कारण कल्याण विभागाची काच कँटीनच्या वाटेवरच होती. आतली खुर्ची बघत तो अंमळ हळू चालायचा. कधी कुणी म्हातारा कामगार तिथून काही न कळताच बाहेर येताना दिसला, की भिमाजीचा जीव तुटायचा. आपण आत असतो तर याला आधी बसवलं असतं, असं त्याला वाटे. मग भोंगा व्हायचा आणि तो ग्राइंडरकडं परतायचा.

मुलाखतीत अक्षरावरून साहेब काय म्हणाले ते शालनबाईकडून केसरबाईला कळलं, तेव्हा म्हातारी तरातरा विहारात आली होती. भिमाजी तिथं प्रौढांचा वर्ग घ्यायचा. ‘तू हायेस की, मला कशाला शिकायचं’ म्हणून ती कधी त्या वर्गाला फिरकली नव्हती. त्या दिवशी पाटी पुढ्यात ओढून म्हणाली, ‘‘शिकीव मला.’’ भिमाजीला वाटलं, चार दिवसांचं खूळ आहे. म्हातारी दोन वर्षं आली. पेन्सिल ती खुरप्यासारखी मुठीत धरायची आणि एकेका काना-मात्रेशी भांडायची.

एका रविवारी सकाळी ती घरी आली आणि चौघडी केलेला कागद तिनं भिमाजीच्या हातात ठेवला.

‘‘कोंडीरामला लिहिलंत व्हय, मावशी?’’

‘‘त्याला मागनं लिहीन. ह्यो तुझा दाखला हाय. दे साहेबाला.’’

जागा भरून दोन वर्षं झाली होती. ते तिला सांगायचं त्याच्या जिवावर आलं. त्यानं कागद उघडला. रेघेखाली घसरलेली, लहानमोठी, खोडलेली अक्षरं. पहिली ओळ त्यानं वाचली आणि पुढचं त्याला दिसेनासं झालं. बारा-चौदा वर्षं लोक जे शब्द म्हणत त्याच्यापुढं कागद धरत आले होते, तेच आज त्याच्या तोंडून आले.

‘‘मावशी, वाचून दावा.’’

केसरबाईनं कागद परत घेतला, बोट ठेवलं आणि एकेक अक्षर जुळवत मोठ्यानं वाचू लागली, ‘‘हे… भिमाजीनं… लिवलं न्हाई. हे… म्या… लिवलं.’’