आधी शेजाऱ्याची टॉर्च

पेनाएवढं सोल्डरिंग आयर्न मी नवीनच घेतलं होतं. पॉवर बँकेवर चालतं. रनाळ्याच्या बसथांब्यावर ते तापवून बघत होतो, तर बाकावरच्या म्हाताऱ्याने विचारलं, "टॉर्च नीट व्हई का, भाऊ?"

त्याच्या पिशवीत कपाळाला बांधायच्या दोन सारख्या टॉर्च होत्या, एक त्याची, एक शेजाऱ्याची. दोन्हींच्या तारा तुटलेल्या. दुरुस्तीचं दुकान बंद होतं आणि रात्री दोघांनाही कापसाला पाणी द्यायचं होतं. त्याने एक पुढे केली.

"पहिले हाई कर. शेजारीनी शे. बिघडनी ते बिघडनी."

मी तुटलेली तार जागेवर धरून डाख द्यायला लागलो. तो मिशीतल्या मिशीत हसत होता. पण डाख बसला, टॉर्च लागली.

"आते मन्ही," म्हणत त्याने स्वतःची दिली. आयर्न पुन्हा तापेपर्यंत पॉवर बँकच संपली. घरून निघतानाच तिच्यात एकोणीस टक्के चार्जिंग होतं, हे मी प्रामाणिकपणे सांगितलं.

त्याने क्षणभर विचार केला. मग दुरुस्त टॉर्च भर उन्हात स्वतःच्या कपाळाला बांधली.

"बाबा, ती शेजाऱ्याची ना?"

"दोन्ही सारख्याच शेतस. त्याले सांगसू, भाऊनी पहिले मन्हीच करी दिन्ही."