पान उलटायची घाई

काशीत लोक निवांत मरायला येतात, पण माझ्या मामांइतका घाईचा माणूस या गावात आजवर झाला नसेल. सगळी हयात रेल्वेत काढूनही त्यांची घाई कमी झाली नाही, यावरून तिचा जोर कळावा. मंगला गौरीच्या दर्शनाला मामा-मामी बरोबर निघत आणि मामी देवळाच्या पायऱ्यांशी पोचेपर्यंत मामा दर्शन घेऊन परतताना तिला भेटत. "तू ये आरामात, मी चहा टाकतो," म्हणून पुढे निघूनही जात. माझ्या लग्नात मंगलाष्टकं संपायच्या आतच त्यांनी शेवटच्या अक्षता टाकल्या, त्यांचं पाहून अख्ख्या मांडवानं टाकल्या, आणि आपलं लग्न एका कडव्यानं कमी लागलंय असं माझा नवरा अजून ऐकवतो. रोज सकाळी ते मामीला पोथी वाचून दाखवत, तीही धावतच. मामी म्हणे, "अहो, जरा थांबा की." मामा थांबत, पण अध्याय संपल्यावर.

मग मामीला पक्षाघात झाला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. दूधविनायक मोहल्ल्यातल्या त्यांच्या घरात खालच्या खोलीला कायमची ओल, म्हणून तिला वरच्या मजल्यावर ठेवलं. जिना दगडी, उभा, आणि मामांचे दोन्ही गुडघे कामातून गेलेले. महिन्यातून एकदा दोघा शेजाऱ्यांच्या खांद्यावर हात टाकून ते वर जात आणि उतरताना रडकुंडीला येत. मामी पुढे आणि मामा मागे राहिलेले, असं जन्मात पहिल्यांदाच झालं होतं. ते त्यांना सोसवत नव्हतं.

शेवटी त्यांनी एक कम्प्युटर मामीच्या पलंगासमोर ठेवला, एक आपल्या खोलीत, आणि पोथीच्या पानापानाचे फोटो काढून त्यात भरले. खाली माउस हलवला की वरच्या पडद्यावरचा बाण हले, पान उलटे. "इंटरनेट लागतच नाही गं," ते मला बजावत, "घरातल्या घरात राउटर आहे. बस, बिजली पाहिजे." ते खाली मोठ्यानं वाचत आणि आवाज घरातल्या चौकावरच्या लोखंडी जाळीतून वर जाई. मामीच्या डाव्या हाताखाली वरचा माउस असे. मामांनी घाईघाईनं बाण पुढच्या पानाकडे नेला की ती तो मागे ओढी. दोघांच्या ओढाताणीत बिचारा बाण मधेच थरथरत राही. "अगं सोड!" मामा खालून ओरडत. मामीला सांभाळणारी बाई वरून उत्तर देई, "बाबूजी, माताजी अबहीं पढ़त हईं!" मग मामा थांबत. चडफडत, पण थांबत. सगळ्या संसारात तोंडानं सांगून जे मामीला जमलं नाही, ते तिनं तीन बोटांनी करून दाखवलं होतं.

एका सकाळी मी भाजी द्यायला गेले तेव्हा वाचन चालू होतं. वरची बाई अंघोळीला गेली होती. मामांनी पान उलटलं, कुणी मागे ओढलं नाही. पुढचं उलटलं, त्याच्या पुढचंही. मामांचा चेहरा फुलला. "बघ, आज ऐकतेय माझं!" मी हसले. त्याची लाज मला अजून वाटते. अख्खा अध्याय त्यांनी एका दमात वाचून काढला आणि वर हाक मारून विचारलं, "काय, जमलं ना?" तेवढ्यात बाईची किंकाळी ऐकू आली. डॉक्टर म्हणाले, जाऊन बराच वेळ झालाय. मामा कुणाकडेच न बघता म्हणाले, "म्हणजे पहिल्याच पानावर. मी तिला सोडून पुढे गेलो."

तेरावं झाल्यावर मामांनी मला सांगितलं, "वरचं बंद करून ये गं. उगाच बिजली जळतेय." मी वर गेले. पलंगावरची गादी काढलेली होती. पडद्यावर पोथीचं पहिलं पान होतं. मामांनी ते खालून पुन्हा लावलं असणार. मी माउस धरला आणि बाण जरासा हलवला, तोच जाळीतून मामांचा आवाज आला.

"वाच, वाच. सावकाश वाच. मला घाई नाही."

त्यांनीच मला वर पाठवून दोन मिनिटंही झाली नव्हती. माउसवर हात तसाच ठेवून मी ते पान शेवटच्या ओवीपर्यंत वाचलं आणि मग हात उचलला. बाण पानाच्या कोपऱ्यात उभा होता. मी बराच वेळ वाट पाहिली, पण मामांनी पान उलटलं नाही.