नव्या गाडीची पूजा

दत्तप्रसाद बेहेरे यांच्याकडे कपाटभर गाड्या होत्या आणि त्यांतली एकही रस्त्यावर चालणारी नव्हती. सगळ्या जुन्या परदेशी स्पोर्ट्स कारच्या वीतभर, हुबेहूब प्रतिकृती. त्या पुसायचं कामसुद्धा ते कुणाला देत नसत. स्वतःला मात्र सायकलखेरीज काही चालवता येत नव्हतं. जायचं असेल तिथं त्यांची बायको शैलाताई त्यांना आपल्या स्कूटरवरून पोचवायच्या आणि वाटभर त्यांचा उद्धार करायच्या.

परवा लाल रंगाची नवी गाडी आली.

"देवळात नेऊन पूजा करायला हवी," बेहेरे म्हणाले.

"अहो, खेळण्याची?" शैलाताई कडाडल्या.

"प्रतिकृती म्हणतात तिला."

शेवटी कपाळावर हात मारून त्यांनी स्कूटर काढली. देवळाबाहेर खऱ्या गाड्यांची रांग होती. त्या रांगेत खोकं पोटाशी धरून नवरा उभा राहिला, तेव्हा शैलाताईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. गुरुजींनी आधी खोक्यात पाहिलं, मग बेहेऱ्यांकडे.

"चावी?" त्यांनी कोरडेपणानं विचारलं. नव्या गाडीची चावी देवापुढे ठेवायची रीत.

बेहेरे बायकोकडे बघायला लागले. शैलाताईंनी दातओठ खात स्कूटरची चावी काढून दिली.

"कुंकू खोक्यालाच लावा हं," बेहेरे गुरुजींना म्हणाले, "रंग खराब होईल."

परतताना स्वारगेटच्या चौकात शैलाताईंनी त्या तिरमिरीतच जोरात वळण घेतलं. मागून खांद्यावर थाप पडली.

"अगं, जरा हळू. नवी गाडी आहे!"