विल्फ्रिदोचं चौथं दार

माझ्या बहिणीच्या नवऱ्याच्या हातांची मला किळस येते. ते काळे असतात म्हणून नव्हे. काम करणाऱ्याचे हात काळे व्हायचेच. पण विल्फ्रिदो त्याच हातांनी इंजिनात काहीतरी खुडबुडतो, त्याच हातांनी नाक पुसतो, त्याच हातांनी चिप्यासाठी, म्हणजे आमच्या भट्टीतल्या पावासाठी, चीज कुस्करतो आणि मग तोच हात पुढं करून म्हणतो, "घ्या मेव्हणीबाई, गार तेरेरे." आमच्या कोरोनेल बोगादो गावात तेरेरेचा, म्हणजे गार पाण्यात भिजवलेल्या कडवट पाल्याच्या पेयाचा, पेला एकाच नळीनं सगळे पितात, आणि ज्याला पुरे झालं तो 'ग्रासियास', म्हणजे आभार, म्हणतो. एकदा ग्रासियास म्हटलं की त्याच्यापुढं पेला परत येत नाही. मी विल्फ्रिदोला पहिल्याच पेल्याला ग्रासियास म्हणते. लोकांना ते फार लागतं. त्याला काहीच लागत नाही, तो हसतो आणि नळी स्वतःच चोखत बसतो.

हा माणूस कधी कुठल्या मेकॅनिककडं गेला नाही. "मेकॅनिक म्हणजे लुटारू," असं तो सगळ्या गल्लीला ऐकवत असतो. घरातलं सगळं स्वतः दुरुस्त करतो आणि सगळं निम्मं करतो. पंख्याचं एक पातं तेलाच्या डब्याचं आहे, त्यामुळं पंखा रात्रभर खोकतो. फाटक बसवलं ते असं की उघडताना उचलून धरावं लागतं. प्रत्येक कामातून स्क्रू उरतात. ते तो एका डब्यात टाकतो आणि म्हणतो, "कारखानेवाले उगाच जास्तीचे लावतात." बाकी राहिलेल्या कामाला त्याच्याकडं एकच शब्द आहे, 'नंतर'. तो शब्द त्यानं काढला की माझ्या डोक्यात तिडीक जाते.

त्याची गाडीही तशीच. पांढरी, लांबुडकी, जपानची. जुन्या जपानी गाड्या समुद्रातून इकीकेच्या बंदरात उतरतात आणि वाळवंट ओलांडून आमच्याकडं येतात. त्यांचं स्टिअरिंग उजवीकडं असतं, आणि आमच्या रस्त्यांना ते डावीकडं लागतं. शहाणी माणसं ते काम वर्कशॉपमध्ये करून घेतात. विल्फ्रिदोनं ते आंब्याखाली, अंगणात केलं. एक अख्खा हिवाळा त्यानं स्टिअरिंग, ब्रेक, क्लच सगळं उजवीकडून डावीकडं आणलं. डाव्या दाराच्या आतल्या पॅनेलला सुरीनं चौकोन पाडून काचा वर-खाली करायची बटणं बसवली, आणि त्यांच्या वायरी जायला वाट हवी म्हणून दाराच्या बिजागरीजवळची रबरी नळी कापून फेकून दिली. उजवीकडं, जिथून आधी स्टिअरिंगचा दांडा इंजिनाकडं जायचा, तिथं मुठीएवढं भोक उरलं. तिथं पत्र्याचा तुकडा वेल्ड करायचा असतो. "नंतर," विल्फ्रिदो म्हणाला. गाडी चालू झाली तेव्हा त्यानं फटाके उडवले.

त्याच हिवाळ्यात आईचं कापड हरवलं.

आमची आई बसथांब्यावर चिपे विकायची. डोक्यावर टोपली आणि टोपलीवर ते कापड, आईनं स्वतः भरतकाम केलेलं, पांढरं, काठाला निळ्या दोऱ्याची पेरूची फुलं. एन्कार्नासियोनला जाणाऱ्या बसचे ड्रायव्हर लांबून ते कापड बघून ब्रेक दाबत. आई गेल्यावर टोपली माझ्या बहिणीनं, झुनिल्दानं घेतली, म्हणून कापडही तिच्याकडं गेलं. मी थोरली. तेव्हा मी म्हटलं होतं, "कापड मला हवं होतं गं." एवढंच म्हटलं होतं. ते कापड दोरीवरून नाहीसं झालं तेव्हा ती सरळ माझ्या दारात येऊन उभी राहिली.

"ताई, कापड दे."

"कुठलं कापड?"

"वेड पांघरू नकोस. आईचं. तुला हवंच होतं ते."

मी माझी पेटी तिच्यापुढं ओढली. तिनं ती तळापर्यंत उपसली. माझे आतले कपडे, माझ्या मयत नवऱ्याचा सदरा, सगळं जमिनीवर. विल्फ्रिदो दारात उभा होता, खांद्यावर टॉवेल टाकून, नळी चोखत. मी त्याच्यासमोर माझे कपडे गोळा केले. तो बाजूलासुद्धा झाला नाही.

त्यानंतर आम्ही बहिणी बोलत होतो ते भट्टीपुरतं. अंगण एक, मातीची भट्टी एक, दुसरा इलाज नव्हता. "लाकडं ओली आहेत." "मीठ कमी पडलं." बस. भाजलेल्या चिप्यांची मोठी टोपली पूर्वी आम्ही दोघी दोन कड्यांना धरून गाडीपर्यंत न्यायचो. त्यानंतर ती एकटी ओढत न्यायला लागली. मातीत तिचा चर पडायचा आणि मी माझ्या खिडकीतून तो बघायचे. चोर ठरले होते मी, माझ्या सख्ख्या बहिणीच्या लेखी. ते मला रोज सकाळी उठताना आधी आठवायचं आणि मग दिवस उजाडायचा.

या वर्षी ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्याच्या तोंडावर गाडीला वास सुटला.

सुरुवातीला आंबूस होता. मग कुजकट गोडसर झाला. झुनिल्दा चिपे गाडीतूनच विकते. मागचं दार वर करून टोपली ठेवते आणि गिऱ्हाईक वाकून घेतं. आता गिऱ्हाईक वाकायचं आणि तसंच सरळ व्हायचं. एका कंडक्टरनं चिपा उचलला, नाकाशी नेला आणि टोपलीत परत ठेवला. हा चिप्याचा आठवडा. गुरुवार-शुक्रवारी इथं कुणी चूल पेटवत नाही, चिप्यावर राहतात. त्यामुळं बुधवारी जे विकलं जातं त्यावर तिचं पुढचं सगळं असतं.

बुधवारी पहाटे आम्ही दोघी भट्टीशी होतो. चिपे आत गेले, भट्टीचं तोंड लिंपलं, आणि झुनिल्दा माझ्याकडं न बघता म्हणाली, "ताई, तुझं नाक तिखट आहे. जरा गाडीत बसून सांगतेस का, कुठून येतोय ते?"

मी बसले. दार लावलं आणि दोन श्वासांत बाहेर आले. आंब्याच्या बुंध्याशी जाऊन ओकले.

"डावीकडून," मी तोंड पुसत म्हटलं. "ड्रायव्हरच्या बाजूनं. काहीतरी मेलंय आत."

"काही मेलंबिलं नाही," विल्फ्रिदो खाटेवरून म्हणाला. "झुनिल्दा चीज सांडते गाडीत. बायकांना गाडीत खायचं सामान ठेवायचं कळत नाही. दारात झिरपलं असेल. काढतो मी पॅनेल, थांबा. पाच मिनिटांचं काम."

आणि तो उजव्या दाराकडं गेला.

"अरे, डावं म्हणतेय ती," झुनिल्दा म्हणाली.

"डावं दार माझ्या हातचं आहे. त्यात मुंगी शिरायची नाही. तू मला शिकवू नकोस."

मी त्याला काम करताना पाहिलं आणि माझी किळस वाढत गेली. आतल्या हँडलच्या खोबणीतला स्क्रू काढला. ओढायच्या मुठीवरचं छोटं टोपण उचकटून त्याखालचा दुसरा काढला. मग पॅनेलच्या खालच्या कडेत काहीतरी चपटं घालायचं असतं, म्हणजे आतल्या प्लास्टिकच्या खिट्या सुटतात. विल्फ्रिदो घरात गेला आणि चीज कापायची सुरी घेऊन आला.

"ती सुरी ठेव," मी म्हटलं.

"धुतली की झालं."

खिट्या ताड ताड तुटल्या. त्यानं पॅनेल काचेच्या फटीतून वर उचलून काढलं आणि गवतावर टाकलं. आत प्लास्टिकचा पडदा, काळ्या चिकट डिंकानं चिकटवलेला. तो त्यानं बोटांनी ओरबाडला. खाली झुरळांची अंडी, कुणाचा तरी कंगवा आणि जपानी अक्षरांचा चॉकलेटचा कागद. बोटांचा डिंक त्यानं विजारीला पुसला, सुरी तेलकट फडक्याला पुसली आणि मागच्या दाराकडं वळला. मागची दोन्ही दारं त्यानं तशीच फाडली. एकात पाणी साचून शेवाळ झालं होतं. त्यात त्यानं बोट घातलं आणि हुंगलं. मी तोंड फिरवलं.

"बघा, काही नाही," तो म्हणाला. "वास भट्टीतून येतोय तुमच्या." आणि तो तेरेरेत पाणी ओतायला गेला.

तीन पॅनेल गवतावर पडली होती. भट्टी काढायची वेळ होत आली होती. झुनिल्दानं खाली पडलेला स्क्रू ड्रायव्हर उचलला.

"ए, हात लावू नकोस!" विल्फ्रिदो खाटेवरून ओरडला. "वायरी तोडशील!"

तिनं ऐकलं नाही. खोबणीतला स्क्रू काढला, टोपणाखालचा काढला. तीन दारं तिनं बघितली होती, तेवढं पुरे होतं. बटणांची चौकट तिनं नखानं उचलली, मी वायरींचा जोड दाबून सोडवला. मग तिनं पॅनेलच्या कडेत बोटं घातली आणि ओढलं. एकही खिटी तुटली नाही, कारण विल्फ्रिदोनं तिथं खिट्या लावल्याच नव्हत्या, चिकटपट्टी होती.

आत घरटं होतं.

वायरींच्या वाटेनं उंदीर शिरले होते. दाराच्या तळात काचेच्या रुळाखाली एक मोठी मेलेली उंदरीण, फुगलेली, आणि तिच्याभोवती गुलाबी पिलं, तीही मेलेली. त्यांच्यात अळ्या चालत होत्या. लेंड्या, चिप्याचा चुरा, मूत. हे सगळं एका मऊ, पिवळ्या पडलेल्या गादीवर होतं. मी परत ओकणार होते. पण झुनिल्दा हललीच नाही. ती वाकली आणि नागड्या हातानं त्या गादीतला एक तुकडा तिनं ओढून काढला. कुरतडलेला, डागाळलेला. त्यावर निळ्या दोऱ्याचं पेरूचं फूल होतं.

झुनिल्दानं तो तुकडा उजेडात धरला.

"हे इथं कसं आलं?" तिनं विचारलं. मला नव्हे.

विल्फ्रिदो पेला घेऊन आला होता. त्यानं बघितलं आणि मान खाजवली. "ते होय. त्या भोकात काहीतरी बोळा घालायला हवा होता ना, स्टिअरिंगच्या. दोरीवर चिंधी दिसली, घातली. पत्रा नंतर लावणार होतो. उंदरांनी ओढली असेल."

"तू घातलीस."

"मला काय माहीत कसली ते! आणि मग तुम्ही दोघी भांडायला लागलात. बायकांच्या भांडणात मी कशाला पडू?" तो माझ्याकडं बघून हसला. "आता काय, मिळालं ना? झालं तर मग."

झुनिल्दा माझी पेटी उपसत होती तेव्हा तो दारात उभा होता. त्याला तेव्हाच माहीत होतं. एक वाक्य बोलला असता तर मिटलं असतं, पण मग पत्रा लावला नाही हे कबूल करावं लागलं असतं. मला उंदरांची किळस आली होती, अळ्यांची आली होती. त्या माणसाची आली तशी कधी कशाची आली नाही.

झुनिल्दा ओरडली नाही. तिनं तो तुकडा हौदाशी नेला, साबण लावून चोळला, डाग जाईना तरी चोळत राहिली. मग दोरीवर घातला, पूर्वी असायचा तिथंच. हात कोपरापर्यंत धुतले. भट्टीचं तोंड फोडलं. चिपे छान फुगले होते, बडीशेपेचा वास अंगणभर झाला. आम्ही टोपली भरली आणि वरून पिठाच्या पोत्याचं साधं फडकं टाकलं.

"ठेव मागे," विल्फ्रिदो म्हणाला. "धुऊन टाकतो दार. पॅनेल नंतर बसवीन."

झुनिल्दानं गाडीकडं बघितलंही नाही. टोपलीची एक कडी धरली आणि तशीच वाकून थांबली. दुसऱ्या बाजूला जागा मोकळी होती.

"ताई," ती म्हणाली, "धरतेस ना?"

मी कडी धरली. टोपली जड होती, पूर्वीइतकीच. फाटकाशी विल्फ्रिदो पळत पुढं आला. फाटक एका हातानं उचलून धरलं आणि दुसऱ्या हातातला पेला त्यानं पुढं केला, माझ्यापुढं नाही, तिच्यापुढं. लग्न झाल्यापासून ती रोज सकाळी त्याच्या हातचा पहिला पेला पीत आली होती.

"घे गं. ऊन आहे. लांब चालायचंय."

झुनिल्दा थांबली. त्याच्या काळ्या नखांकडं तिनं बघितलं, बहुधा पहिल्यांदाच नीट.

"ग्रासियास," ती म्हणाली, आणि आम्ही बसथांब्याकडं चालू लागलो.